विवाहाचा तिसरा साक्षीदार

धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका काढावयाची म्हटली म्हणजे कागदपत्रांबरोबर जुनी छायाचित्रेही गोळा करावी लागतात. घरोघरच्या पेट्या व भिंती धुंडाळल्या असता जी छायाचित्रे हाती येतात, त्यांत लग्नाची सर्वांत अधिक, असा आमचा अनुभव आहे. बाप्तिस्म्याची थोडी, सणासुदीची त्याहून थोडी, देवळाच्या आतील भागाचे एखादेच. परंतु नवरानवरी मात्र बहुतेक प्रत्येक घरी आहेत. ती ताठ उभी आहेत, आणि त्यांच्या पाठीमागे चंदगड कोठेच नाही. पाठीमागे रंगविलेला पडदा आहे. त्यावर आपल्या मुलखात कधी न दिसलेला जिना व संगमरवरी खांब आहेत. ज्या मांडवात ते लग्न झाले तो मांडव, ज्या देवळात वचने दिली गेली ते देऊळ, ज्यांनी रात्रभर चुलीपाशी बसून पाहुण्यांचे जेवण रांधले त्या आयाबाया, यांतील काहीही त्या चित्रात नाही. असे का झाले, आणि आज शहरात लग्न करणाऱ्या आमच्या मुलामुलींनी यापासून काय बोध घ्यावा, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

साक्ष या विषयाचा ख्रिस्तसभेने फार पूर्वी विचार केलेला आहे. मध्ययुगात गुप्त विवाहांमुळे मोठा अनर्थ होत असे. दोघांनी एकांतात वचने द्यावी आणि पुढे एकाने ती नाकारावी, म्हणजे निवाडा करणे कोणासही शक्य होत नसे. यास्तव ट्रेंटच्या धर्मपरिषदेने दिनांक ११ नोव्हेंबर १५६३ रोजी असा निर्बंध केला की, विवाह धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर व निदान दोन साक्षीदारांसमोर व्हावा, आणि धर्मगुरूने त्याची नोंद वहीत करून ती वही जपून ठेवावी. हा निर्बंध आरंभी सर्व देशांत लागू झाला नव्हता. पुढे दहावे पायस यांच्या कारकीर्दीत १९०७ साली निघालेल्या आज्ञापत्राने १९०८ च्या ईस्टरपासून तो जवळजवळ सर्वत्र अमलात आला. आजच्या धर्मविधिसंहितेतही वधूवर, विधी चालविणारा, साक्षीदार, स्थळ व तारीख इतके नोंदविण्याची आज्ञा आहे. वही नावे सांगते, पण चेहरे सांगत नाही. ती उणीव भरून काढणारा तिसरा साक्षीदार गेल्या पावणेदोनशे वर्षांत जगात आला. तो म्हणजे छायाचित्र होय.

छायाचित्रणाची युक्ती १८३९ साली पॅरिस येथे जाहीर झाली, आणि पंधरा वर्षांच्या आत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. १८५५ साली एल्फिन्स्टन विद्यालयात या विद्येचा वर्गही निघाला. त्या संस्थेत युरोपियनांबरोबर आपल्याकडील मंडळीही होती. मूळचे गोव्यातील मांद्रे गावचे सुप्रसिद्ध डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद असून, नारायण दाजी तर स्वतः कुशल छायाचित्रकार होते. सारांश, ही विद्या आपल्या देशात शिळी होऊन आली नाही. ताजी असतानाच आली.

परंतु त्या काळचे यंत्र मोठे हट्टी होते. १८५१ साली निघालेल्या ओल्या काचेच्या रीतीत काचेवर औषध पसरून ते वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे व लगेच अंधाऱ्या खोलीत धुवावे लागे. काही सेकंदपर्यंत माणसाने हलता कामा नये. म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत. देवळातील मंद उजेडात चित्र निघणे तर दुरापास्तच. यामुळे लग्न जेथे होई तेथे यंत्र जात नसे. लग्न झालेल्या माणसांनीच यंत्राकडे जावे लागे. आपल्या आजापणजांचे चेहरे त्या चित्रांत कठोर दिसतात, ते त्यांच्या मनात आनंद नव्हता म्हणून नव्हे. हसू तितका वेळ ओठांवर धरून ठेवता येत नाही म्हणून.

या संबंधात इंग्लंडच्या राजघराण्यातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. दिनांक २५ जानेवारी १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्येचा विवाह झाला. विधीस निघण्यापूर्वी मातापित्यांसह नवरीचे छायाचित्र घेण्यात आले. राणीला कापरे भरले होते, ती हलली, आणि तिचा चेहरा चित्रात पुसट उमटला. त्या काळच्या कसोटीने ते चित्र बिघडले असे म्हणावे लागेल. तथापि लेकीला परदेशी सासरी धाडणाऱ्या आईचे काळीज त्या पुसटपणात जसे दिसते, तसे कोणत्याही सुरेख चित्रात दिसले नसते. ती राज्याची मालकीण होती. पण त्या क्षणी ती आपल्या गावच्या कोणत्याही नवरीच्या आईसारखीच होती.

यंत्राच्या अडचणीतून पुढे एक खोड लागली. जे प्रथम निरुपाय म्हणून केले, ते पुढे शोभा म्हणून करू लागले. विल्यम जॉन्सन या मुंबईच्या छायाचित्रकाराने १८६३ व १८६६ साली मुंबईतील नाना जातिधर्मांच्या लोकांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील कित्येक चित्रांत माणसे एके ठिकाणची व देखावा दुसऱ्या ठिकाणचा असून, दोहोंचा जोड देऊन एक चित्र बनविलेले आहे. पाहणाऱ्यास वाटावे की ही माणसे समुद्रकाठी वा देवळापुढे उभी आहेत. प्रत्यक्षात ती छायाचित्रकाराच्या अंगणात उभी होती. स्टुडिओतील रंगीत पडदा हा त्याच रीतीचा भाऊबंद. मुंबईत १९२८ साली सर व्हिक्टर ससून यांनी बॅलार्ड इस्टेटमध्ये हॅमिल्टन स्टुडिओ स्थापिला. अशा नामांकित स्टुडिओंतील प्रकाशयोजना खरोखर उत्कृष्ट असे, आणि तेथील चित्रे कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. आमच्याकडील लोकांस बेळगाव जवळचे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, राज्यपुनर्रचनेच्या वेळी तो कोल्हापूर जिल्ह्यात आला. तेव्हा लग्नाचे कापड, दागिना व फोटो या तिन्हींसाठी पाय बेळगावकडेच वळत. या चित्रांस आम्ही नावे ठेवीत नाही. जन्मात एकदाच फोटो काढून घेणाऱ्या गरीब माणसाने आपल्या उत्तम वेषात दिसावे, हे योग्यच होते. परंतु साक्ष या दृष्टीने पाहता, ज्याला काय सांगावयाचे ते आधी शिकविले आहे त्यास आपल्या भाषेत पढविलेला साक्षीदार म्हणतात. पडद्यापुढचे छायाचित्र असा पढविलेला साक्षीदार आहे. तो खोटे बोलतोच असे नाही. पण दुसऱ्याने सांगितले तेवढेच बोलतो.

हा पडदा बाजूला कसा सरला याचा एक धडा आपल्या कोल्हापूरनेच दिला आहे. बाबूराव पेंटर व त्यांचे आतेबंधू आनंदराव हे आरंभी नाटकांचे पडदे रंगविण्यात प्रसिद्ध होते. आनंदराव १९१६ साली निवर्तल्यावर बाबूरावांनी चिकाटीने स्वदेशी चलच्चित्रयंत्र सिद्ध केले, आणि त्यावर घेतलेला ‘सैरंध्री’ हा पौराणिक चित्रपट १९२० साली दाखविला. पुढे १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कहाणी लोकांपुढे मांडली. ज्या माणसाचा हात पडदे रंगविण्यात तयार झाला होता, त्यानेच साध्या झोपडीकडे यंत्र वळविले, ही गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे.

त्याच १९२५ साली जर्मनीत लायका नावाचा लहान कॅमेरा विक्रीस आला. तो गळ्यात अडकविता येई, तिकाटण्यावाचून हातात धरता येई, आणि एका फितीवर छत्तीस चित्रे घेता येत. आता माणसांनी यंत्राकडे जाण्याचे कारण उरले नाही. यंत्रच माणसांमागे जाऊ लागले. घडते ते जसेच्या तसे टिपणाऱ्या चित्रणास इंग्रजीत जो ‘डॉक्युमेंटरी’ शब्द रूढ झाला, तो जॉन ग्रिअर्सन यांनी १९२६ साली एका चित्रपटाविषयी लिहिताना योजिला होता. मुंबईत या रीतीने काम करणाऱ्यांत होमाई व्यारावाला यांचे नाव अग्रगण्य आहे. १९१३ साली नवसारीस जन्मलेल्या या पारशी बाईंनी मुंबईचे रस्ते व मुंबईच्या स्त्रियांचा दिनक्रम टिपला, आणि आरंभी त्यांची चित्रे पतीच्या नावाने छापली जात. पुढे दिल्लीस स्वातंत्र्यकाळाचा इतिहास त्यांच्या कॅमेऱ्याने नोंदविला. २०११ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले.

वृत्तपत्राची ही रीत लग्नास लावण्याची कल्पना अमेरिकेत विशेषतः १९८० नंतर पसरली, आणि डेनिस रेजी यांनी तिला नाव मिळवून दिले. माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन यांचा विवाह दिनांक २१ सप्टेंबर १९९६ रोजी जॉर्जियाकडील एका बेटावर, लहानशा लाकडी प्रार्थनामंदिरात झाला. बाहेर पडताना त्यांनी नवरीचा हात चुंबिला. तो क्षण रेजी यांनी टिपला आणि ते चित्र जगभर गेले. आता आपल्याकडेही मुंबई-पुण्यास लग्न करणारे तरुण याच पद्धतीस ‘कॅन्डिड’ म्हणतात. कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलमध्ये लग्न लागले, तर असा छायाचित्रकार केवळ जोडप्यास उभे करून थांबत नाही. टॅक्सीतून उतरताना नवरीचा घोळ सावरणारी बहीण, रस्त्यावर क्षणभर थांबलेले वाटसरू, गावाहून रात्रीच्या बसने आलेले आणि शहराच्या गर्दीत बावरलेले आजोबा, आशीर्वाद देताना बापाचा थरथरणारा हात, हे सारे तो न बोलता टिपतो. शहरातील लग्नास ही पद्धत विशेष उपयोगी, कारण तेथे मांडव नाही, गाव नाही. माणसे चार दिशांनी येऊन चार तासांत पांगतात. ती एकत्र होती याचा पुरावा चित्राखेरीज दुसरा राहत नाही.

धर्मगुरू या नात्याने आमचे या रीतीकडे अनुकूल मत होण्यास आणखी एक कारण आहे. दिनांक २५ मे १९६७ रोजी रोमहून पवित्र मिस्साविषयी जी सूचनापत्रिका निघाली, तीत छायाचित्रांचाही उल्लेख आहे: छायाचित्र घेणाऱ्यामुळे उपासनेचा भंग होऊ नये, आणि जे करावयाचे ते मर्यादेने करावे. वेदीपर्यंत चढून येऊन, लोकांकडे पाठ करून, अंगठी पुन्हा घालावयास सांगणारा छायाचित्रकार या आज्ञेचा भंग करितो. विवाहाची संमती एकदाच दिली जाते. ती चित्रासाठी दुसऱ्यांदा देता येत नाही. उलट खरा वृत्तचित्रकार खांबाआड उभा राहतो, दिव्याचा लखलखाट करीत नाही, आणि जे एकदा घडते तेवढेच घेतो. त्याची कलेची शिस्त व देवळाची शिस्त येथे एक होतात.

तथापि नावावर भुलू नये. नवरानवरीस तीनदा जिना उतरावयास लावून, खोटेच हसवून घेतलेल्या चित्रासही आज ‘कॅन्डिड’ म्हणून मोल घेतले जाते. हा पडदा कापडाचा नसला तरी पडदाच आहे. कॅमेरा नसता तर हे घडले असते काय, एवढी एकच कसोटी लावावी. तसेच नवरीच्या आईचे अश्रू टिपावे. पण ते चव्हाट्यावर मांडण्यापूर्वी तिला विचारावे. आणि या हौसेपायी कर्ज तर कधीच काढू नये. चांगला डोळा व थोडा धीर असलेला एखादा पुतण्या साध्या मोबाइलवरही पुष्कळ साधू शकतो.

अखेरीस धर्मग्रामातील सर्व कुटुंबांस आमची नम्र सूचना अशी. पुढील लग्नात नवरानवरीच्या चित्राबरोबर पाच चित्रे अवश्य घ्यावी: वहीवर सही करणारे साक्षीदार, रोस लावणारे वडीलधारी, स्वयंपाक करणारे हात, भरलेल्या देवळाचा आतील भाग, आणि आलेल्यांतील सर्वांत वृद्ध माणूस. ती यंत्रातच ठेवू नयेत. यंत्र बिघडते, हरवते. कागदावर उतरवून मागे पेन्सिलीने नाव, गाव व तारीख लिहावी. घरी असलेली १९७० ते १९९० च्या सुमाराची रंगीत चित्रे आता तांबूस पडू लागली आहेत. त्यांच्या प्रती लवकर करून घ्याव्या. जुन्या चित्रांतील माणसे ओळखणारे आजीआजोबा आज आहेत, उद्या असतीलच असे नाही. त्यांच्यापुढे ती चित्रे ठेवून नावे लिहून घेण्याचे काम या पावसाळ्यापूर्वीच व्हावे. प्रत्येक चित्राची एक प्रत धर्मग्रामाकडे दिल्यास आम्ही ती विवाहाच्या वहीशेजारी जपून ठेवू. पुढच्या महोत्सवास जे लिहावयास बसतील, त्यांस नावांबरोबर चेहरेही सापडोत, आणि त्या चेहऱ्यांच्या पाठीमागे आपले चंदगड दिसो.