कंसातलं नाव

78 आरपीएमच्या जुन्या तबकडीवर मधोमध चिकटवलेल्या गोल लेबलावर वाद्यवृंदाचं नाव ठळक असतं, गाण्याचं नाव त्याहून थोडं लहान आणि त्याखाली कंसात, डोळे ताणून वाचावं लागेल इतक्या बारीक टायपात, रचनाकाराचं. लिल हार्डिन या पियानोवादक बाईंची ध्वनिमुद्रणातली कारकीर्द समजून घ्यायची तर वाचन त्या कंसापासून सुरू करायला हवं असं माझं म्हणणं आहे. जॅझच्या इतिहासात त्यांची ओळख बहुधा दोनच वाक्यांत उरकली जाते: त्या लुई आर्मस्ट्राँगच्या पत्नी होत्या आणि त्याच्या बँडमध्ये साधासा पियानो वाजवत. पहिलं वाक्य खरं आहे पण अपुरं, आणि दुसरं फक्त कानांवर विसंबून केलेलं आहे.

लिलचा जन्म 1898 चा, मेम्फिसचा. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात त्यांनी संगीताचं शिक्षण घेतलं आणि 1918 मध्ये कुटुंबाबरोबर शिकागोला आल्यावर त्या स्वरलिपीची पुस्तकं विकणाऱ्या दुकानात नोकरीला लागल्या. आठवड्याचा पगार 3 डॉलर, आणि काम म्हणजे गिऱ्हाइकाला हवं ते गाणं कागदावरून तिथल्या तिथे वाजवून दाखवायचं. त्याच दुकानात एकदा पियानोवादक जेली रोल मॉर्टन येऊन वाजवून गेला आणि तेव्हापासून आपण पट्ट्यांवर दणकून हात मारू लागलो, असं त्या सांगत. पुढे न्यू ऑर्लिन्सच्या वादकांच्या बँडमध्ये जागा मिळाली. तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी स्वरलिपी मागितली तर ती नव्हतीच. सूर कोणता हे विचारलं, तर पायाचे दोन ठोके ऐकले की सुरू कर, एवढंच उत्तर मिळालं. लिहिलेलं संगीत वाचणारी बाई ऐकून वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात आली, आणि पुढे जे घडलं त्याचं मूळ या भेटीत आहे. त्या वादकांच्या डोक्यातलं कागदावर उतरवू शकणारा हात त्यांचा होता.

1923 च्या एप्रिलमध्ये, लिल आणि लुई दोघंही ज्यात वाजवत होते तो किंग ऑलिव्हरचा बँड इंडियानातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत गेला. शेजारून रेल्वेचा फाटा जात असल्यामुळे गाडी आली की मुद्रण थांबवावं लागे. मायक्रोफोन अजून आलेला नव्हता; सगळे एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी दाटीवाटीने उभे राहून वाजवत, आणि लुईच्या कॉर्नेटचा आवाज सगळ्यांना गिळून टाकतो म्हणून त्याला दूर कोपऱ्यात उभं करावं लागलं, ही लिलनेच सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. ज्या यंत्रणेत कॉर्नेट लांबूनही कडाडत होतं, तिथे पियानोच्या खर्जाचं काय होणार! डाव्या हाताचं वजन मेणावर उमटतच नसे, मागे उरे ती नुसती टकटक. नोव्हेंबर 1925 मध्ये ओके कंपनीसाठी लुईच्या ‘हॉट फाइव्ह’ची पहिली मुद्रणं झाली, तीही कर्ण्यासमोरच. त्या पाचांत ना ड्रम होता ना बास. ठेका धरून ठेवण्याचा सगळा भार पियानो आणि बँजो या दोघांवर. लिल चार ठोक्यांना चार भरदार कॉर्ड देत राहतात, कारण त्या क्षणी बँडला नेमकं तेच हवं होतं.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे. 1928 च्या जूनमध्ये अर्ल हाइन्स लुईबरोबर पियानोवर बसला आणि ‘वेस्ट एंड ब्लूज’ मुद्रित झालं. ते ऐकल्यावर लिलचा पियानो फिका वाटतो. मायक्रोफोनची सबबही पूर्ण टिकत नाही, कारण 1927 मधली ‘हॉट सेव्हन’ची मुद्रणं विजेवरची आहेत आणि तिथेही लिल हाइन्ससारखं वाजवत नाहीत. हे मला मान्य आहे. एकल वादक म्हणून हाइन्स फार मोठा, आणि लिलना त्याच्या पंगतीला बसवण्याचा अट्टाहास त्यांच्याही कामाचा नाही. पण याच 1928 च्या तबकड्यांचे कंस वाचा. पियानोवर हाइन्स आहे, आणि ‘टू ड्यूसेस’खाली नाव लिल हार्डिनचं; ‘नी ड्रॉप्स’खालीही त्यांचंच. वादक बदलला तरी काही सुरावटी लिलकडूनच येत होत्या. बँडला त्यांच्या बोटांवाचून चालत होतं, त्यांच्या लेखणीवाचून नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: बायको म्हणून नाव लागलं असेल. तारखा त्याच्या विरुद्ध जातात. लग्न झालं फेब्रुवारी 1924 मध्ये, आणि 1923 मध्येच ऑलिव्हरच्या बँडने वाजवलेल्या ‘टिअर्स’ आणि ‘व्हेअर डिड यू स्टे लास्ट नाइट’ या रचना हार्डिन आणि आर्मस्ट्राँग अशा जोडनावाने आल्या होत्या. जुलै 1926 मध्ये कोलंबियासाठी ‘न्यू ऑर्लिन्स वाँडरर्स’ या नावाने ज्या तबकड्या निघाल्या, त्यांत लुई नाहीच. कॉर्नेट जॉर्ज मिचेलकडे आहे, आणि ‘पर्डिडो स्ट्रीट ब्लूज’ लिलची. जॉनी डॉड्सचं क्लॅरिनेट त्या रचनेत जसं रडतं तसं ते फार थोड्या ठिकाणी रडलं आहे, आणि त्याला ती वाट आखून दिली लिलनी. ‘स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू’बद्दल वाद झाला हे खरं. त्यावर दोघांनीही हक्क सांगितला आणि श्रेय अखेर लिलकडे राहिलं. समजा ते एक गाणं हिशेबातून वगळलं, तरी पहिल्याच बैठकीतलं ‘माय हार्ट’ आणि 1927 मधलं ‘हॉटर दॅन दॅट’ उरतातच. त्यातलं दुसरं तर लुईच्या सगळ्यात धाडसी मुद्रणांपैकी एक. लुईची उडी आपण शंभर वर्षं वाखाणतो आहोत, पण ज्या फळीवरून त्याने ती घेतली ती सुताराने घडवलेली होती हे बोलत नाही.

तबकडीवर त्यांचं पूर्ण नाव ठळक टायपात आलं ते 1936 मध्ये, डेक्का कंपनीच्या ‘लिल आर्मस्ट्राँग अँड हर स्विंग ऑर्केस्ट्रा’मध्ये. तोवर संसार मोडलेला होता. घटस्फोट 1938 चा. या मुद्रणांवर त्या गातात आणि पियानोवर टेडी कोल आहे. पियानोवादक म्हणून त्यांना कमी लेखणाऱ्यांना हा आयता पुरावा वाटेल. मला तो बाजाराचा पुरावा वाटतो. बँडसमोर उभी राहून गाणारी स्त्री कंपन्यांना विकता येत होती, पियानोमागे बसलेली तेवढी विकता येत नव्हती. याच डेक्काच्या न्यूयॉर्क स्टुडिओत लिल इतर गायकांच्या साथीला पियानो वाजवत होत्या, म्हणजे त्यांच्या वादनाची किंमत कंपनीला ठाऊक होती. आणि त्या 1936 च्या गाण्यांपैकी ‘जस्ट फॉर अ थ्रिल’ पुढे 1959 मध्ये रे चार्ल्सने सावकाश लयीत, तंतुवाद्यांच्या साथीने गायलं, तेव्हा ते लाखो घरांत पोचलं. त्या तबकडीच्या कंसातही लिलचं नाव आहे, सहरचनाकार डॉन रेच्या जोडीने.