परत आलेल्या ताटाचा हिशेब

आजाऱ्यापुढे ताट ठेवले म्हणजे तो जेवला, असे नव्हे. अन्नाची रेलचेल असूनही दरवर्षी हजारो रुग्ण उपाशी राहतात, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये लिहिले. स्कुतारीचे लष्करी रुग्णालय त्यांनी सांभाळले होते. हे ऐकीव मत नव्हते. (१/४)

'रुग्णाला भूक नाही' हा सरसकट शेरा त्यांना विशेष खटके. स्वयंपाक बिघडलेला, पदार्थाची निवड चुकलेली, जेवणाची वेळ चुकलेली, की भूक खरोखरच मेलेली? चारही कारणांनी ताट तसेच परत येते. इलाज मात्र प्रत्येकाचा निराळा. (२/४)

हा धडा फारसा रुजला नाही. रुग्ण किती खातो याकडे रुग्णालये लक्षच देत नाहीत, अशी तक्रार अमेरिकन डॉक्टर चार्ल्स बटरवर्थ यांना १९७४ मध्येही करावी लागली. १९९४ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे दाखल झालेले ५०० रुग्ण तपासले, तेव्हा २०० कुपोषित निघाले. त्यांपैकी निम्म्यांच्याही कागदपत्रांत पोषणाविषयी नोंद नव्हती! (३/४)

जेवणाआधी व नंतर ताट तोलणे सर्वांत अचूक; पण वॉर्डाच्या धावपळीत तराजू कोण धरणार? म्हणून नजरेचा अंदाज आला: सगळे, अर्धे, पाव, काहीच नाही. युरोपात २००६पासून सुरू झालेल्या 'न्यूट्रिशनडे' पाहणीत रुग्णांना हेच विचारले जाते. माप ढोबळ खरे, तरी पाव किंवा त्याहून कमी जेवणाऱ्यांत पुढील तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. (४/४)