पावाचा तुकडा आणि दहा पौंडांचा दंड

इ. स. १९४३ च्या जानेवारींत लंडनजवळच्या बार्नेट येथील एका स्त्रीला पावाची नासाडी होऊं दिल्याबद्दल दहा पौंड दंड झाला. तिची मोलकरीण बागेंत पांखरांना पाव टाकतांना दोनदां आढळली होती. एरवीं ज्या कृत्यास कोणीही भूतदयाच म्हटलें असतें, तें त्या वर्षीं अपराध कां ठरावें, ह्याचें उत्तर समुद्रावर सांपडतें.

युद्धापूर्वीं ब्रिटन दरसाल सुमारें २ कोटी टन अन्न बाहेरून आणीत असे. धान्याचा व साखरेचा सुमारें ७० टक्के भाग जहाजांनींच येई. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध पेटलें आणि जर्मन पाणबुड्यांनीं नेमकी हीच नाडी दाबली. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील ३० हजारांहून अधिक खलाशी मृत्युमुखीं पडले. त्यांत हिंदी खलाशीहि पुष्कळ होते. कोंकण व गोवें येथील दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्या ह्या जहाजांवर चाकरी करीत आले होते. केराच्या टोपलींत गेलेल्या पावाची किंमत अशा रीतीनें माणसांच्या प्राणांनीं मोजली जात होती.

८ जानेवारी १९४० रोजीं लोणी, साखर व खारवलेलें मांस ह्यांवर रेशनिंग आलें. त्याच वर्षीं एप्रिलांत लॉर्ड वूल्टन अन्नमंत्री झाले. मोठमोठ्या दुकानांचा कारभार पाहिलेले हे गृहस्थ होते. ऑगस्टांत खाण्याजोगें अन्न वायां घालविणें हा कायद्यानें गुन्हा ठरला. परंतु नुसत्या दंडाच्या धाकानें स्वयंपाकघर सुधारत नाहीं, हें मंत्र्यांनीं ओळखलें होतें. म्हणून सकाळच्या बातम्यांनंतर बी. बी. सी. वरून ‘किचन फ्रंट’ हा छोटेखानी कार्यक्रम होऊं लागला. शिळ्या पावाचें काय करावें, बटाटा सालासकट कसा शिजवावा, अशा साध्या गोष्टी त्यांत गृहिणींना सांगण्यांत येत.

काटकसरीचा भार मात्र एकट्या गृहिणीवर टाकलेला नव्हता. पूर्वीं १०० शेर गव्हांतून ७५ शेरांहून कमी पीठ निघे. उरलेला कोंडा गुरांना जाई. १९४२ मध्यें गिरण्यांना ८५ शेर पीठ काढणें सक्तीचें झालें. त्या पिठाचा करडा ‘नॅशनल लोफ’ लोकांना मुळींच आवडला नाहीं. पण तितक्याच जहाजांतून अधिक पाव मिळाला. स्वयंपाकघरांतील साली व खरकटें डुकरांसाठीं ठेवलेल्या पिंपांत जमा होई. विमेन्स इन्स्टिट्यूटच्या स्त्रियांनीं १९४० ते १९४५ ह्या काळांत ५,३०० टनांहून अधिक फळें मुरंब्यांच्या वा अन्य रूपानें टिकविलीं. हें सारें लोकांनीं सोसलें, ह्याचें मुख्य कारण शिधा सर्वांना सारखा होता हें होय. युद्ध संपल्यावर उलट पावावरहि १९४६ ते १९४८ रेशनिंग आलें, आणि रेशनिंगचा पुरता शेवट १९५४ च्या जुलैंत झाला.

ह्या कथेची दुसरी बाजू विसरतां येत नाहीं. ज्या १९४३ सालीं पांखरांच्या पावाबद्दल दंड झाला, त्याच सालच्या बंगालच्या दुष्काळांत सुमारें ३० लक्ष माणसें दगावलीं. आणि धान्यासाठीं जहाजें मागितलीं असतां लंडनच्या मंत्रिमंडळानें हात आंखडताच घेतला. काटकसरीनें अन्न वांचतें. पण तें कोणाच्या मुखीं पडावें, हें न्यायबुद्धीनेंच ठरावें लागतें.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ मध्यें जगांत १०५ कोटी टन अन्न वायां गेलें, आणि त्यांतील सुमारें ६० टक्के घराघरांतून. हें अन्न कोणत्याहि पाणबुडीनें बुडविलें नव्हतें. म्हणूनच अंदाज घेऊन शिजविणें, उरलेलें झांकून ठेवणें व आधीं आणलेलें आधीं वापरणें हे जुने धडे दंडाची वाट न पाहतां गिरविण्याजोगे आहेत. आणि तोच हिशेब गिरण्यांकडून, खानावळींकडून व दुकानदारांकडूनहि मागणें हा नागरिकांचा हक्क आहे.