चिवड्याची वंशावळ

चिवड्याच्या पाकिटावर जेवढा मजकूर असतो तेवढा आमच्या गावच्या देवळातल्या शिलालेखावरही नाही. शिवाय शिलालेखाची अक्षरं मोठी आहेत. इतिहासाची आवड असलेल्या माणसाने दोन्ही वाचावेत. मी भिंग घेऊन बसलो की आमची ही विचारते, "खाणार आहात, की नुसतंच संशोधन?"

आमच्या मावशीचा सिद्धांत असा, की पिझ्झाबिझ्झा परका आणि चिवडा आपला, अगदी यादवांच्या काळापासूनचा! पण त्यातला एकेक जिन्नस चिमटीत धरून 'तुझं गाव कोणतं रे बाबा?' असं विचारलं, तर भलतीच उत्तरं येतात. दाणे दक्षिण अमेरिकेचे. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो आणला आणि नावही बरोबर दिलं. बटाट्याचा कीस असेल तर बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला. तळायचं पामतेल ज्या झाडाचं, ते पश्चिम आफ्रिकेचं. हिंग इराण-अफगाणिस्तानचा, आपल्याकडे लाहौलच्या खोऱ्यात त्याची लागवड सुरू झाली ती २०२० साली. (डबीतल्या हिंगात पीठ आणि डिंकच जास्त, ही गोष्ट निराळी.)

आणि मिरची! कोलंबस १४९२ साली मिरीच्या देशाला म्हणून निघाला आणि मिरचीच्या देशात पोचला. पुढे १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. ज्ञानेश्वरांच्या आळंदीत मिरचीचा ठेचा नव्हता, हे ऐकल्यावर मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

उरले पोहे, हळद, तीळ आणि कढीपत्ता. एवढे मात्र घरचे.

इथवर निदान नावं तरी होती. पाकिटावर पुढे नुसते आकडे लागतात, एखाद्या तुरुंगाच्या हजेरीपटासारखे. ६२१ म्हणजे अजिनोमोटो. टोकियोच्या इकेदा नावाच्या प्राध्यापकांना समुद्री शेवाळाच्या कढणाला एवढी चव का, असा प्रश्न पडला. आपल्याकडे 'हाताला चव आहे हो' म्हणून विषय संपला असता. त्यांनी शेवाळ प्रयोगशाळेत नेलं आणि १९०८ साली त्यातून ग्लुटामेट काढलं. ६२७ आणि ६३१ हे त्याचे दोन मेहुणे. एकटे असताना फारसे कामाचे नाहीत, पण ६२१ शेजारी बसला की तिघे मिळून चवीचा गुणाकार करतात. हात थांबत नाही तो यांच्यामुळे. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चची पांढरी पूड. तिला स्वतःची चव जवळजवळ नाही, मसाल्याला अंग यावं म्हणून ती घालतात. पाकीट फुगतं ते नायट्रोजनने, म्हणजे तेल खवट होत नाही.

पण मला खरा मोह ३३० चा. हे सायट्रिक ॲसिड, लिंबाचा आंबटपणा. शेले नावाच्या रसायनज्ञाने १७८४ साली तो लिंबाच्या रसातून वेगळा काढला. पुढे शंभराहून जास्त वर्षं त्यासाठी इटलीतली लिंबं पिळली गेली. १९१७ साली जेम्स करी या अमेरिकन गृहस्थाने दाखवून दिलं, की एका काळ्या बुरशीला साखर खायला घातली की ती हेच आम्ल भरभरून देते. तेव्हापासून लिंबू उरलं ते पाकिटावरच्या चित्रात. ही बुरशी आपण रोज पाहतो. कांद्याच्या सालीखाली काजळीसारखी पूड दिसते, ती हीच.

परक्यांवर माझा राग नाही. मिरचीला आपण परसात जागा दिली, पाट्यावर घेतलं, लवंगी, संकेश्वरी अशी लाडकी नावं ठेवली. तिला घरची व्हायला शे-दोनशे वर्षं लागली आणि त्या अवधीत घरातल्या प्रत्येक बाईला तिचा स्वभाव कळला. ६३१ चा स्वभाव कुणाला ठाऊक आहे? तो कारखान्यातून थेट नातवाच्या तोंडात जातो, मधे कुणाचाच हात लागत नाही. मला खुपतं ते एवढंच.

३३० ला मात्र आपण नाव दिलंय, आणि तेही केवढं गोड! लिंबाचं फूल. परवा मावशी कांद्यावरची काळी पूड तीनतीनदा धूत होती. शेजारी दिवाळीचा चिवडा परतायला घेतला होता. "बाहेरचं काही नाही हो यात," म्हणत तिने वाण्याकडची पुडी सोडली आणि चिमूटभर लिंबाचं फूल वर भुरभुरलं.

मी काही बोललो नाही. आमचा डबा अजून भरायचा होता.