पुढारी पारखायचा कसा?

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले मेमोरियल हॉलमध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१व्या जयंतीनिमित्त डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले. जयंतीच्या भाषणात थोरवी गृहीत धरण्याचा रिवाज असतो. आंबेडकरांनी नेमकी तीच तपासायला घेतली: रानड्यांना थोर म्हणावे का, आणि थोर म्हणायचे तरी कोणाला? नेतृत्वाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांनी आरंभ या भाषणापासून करावा, असे मला वाटते. या क्षेत्रातले बरेचसे वाद तिथे एकत्र भेटतात.

त्यांतला सर्वांत जुना वाद माणूस मोठा की काळ, हा. थॉमस कार्लाइलने १८४०च्या लंडनमधील व्याख्यानांत इतिहासाचे सारे श्रेय थोर पुरुषांना दिले. हर्बर्ट स्पेन्सरने उलटून विचारले, की त्या पुरुषांना घडवले कोणी? खुद्द रानड्यांचे उत्तर अधिक समंजस होते. मराठी सत्तेच्या उदयावरील १९००च्या ग्रंथात शिवाजी महाराजांचे कर्तृत्व ते उणे करत नाहीत. पण त्याआधी झालेली जमिनीची मशागत आणि संतांचे कार्य यांनाही प्रकरणे देतात. (आजच्या जाहीर सभेत इतके तोलून बोलायला धैर्य लागेल.)

विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञ आले आणि गुणांच्या याद्या करू लागले. बुद्धी, आत्मविश्वास, चिकाटी, अगदी उंचीसुद्धा! राल्फ स्टॉगडिलने १९४८ साली अशा १२४ अभ्यासांचा आढावा घेतला. काही गुण पुन्हा पुन्हा दिसले खरे, पण परिस्थिती बदलली की नेताही बदलतो, असा त्याचा निष्कर्ष होता. व्यवस्थापनाची पुस्तके मात्र अजून याद्याच विकतात.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांचा १९३९चा प्रयोग. दहा वर्षांच्या मुलांचे गट होते. कुठे मोठा माणूस हुकूम सोडी, कुठे मुलांशी बोलून ठरवी, कुठे त्यांना मोकळे सोडून देई. हुकमाखाली काम भरपूर झाले. पण तो माणूस खोलीबाहेर गेला की हात थंडावत. चर्चेच्या गटात तो नसतानाही काम चालू राही. पुढाऱ्याची परीक्षा त्याच्या गैरहजेरीत घ्यावी, हे इथे पहिल्यांदा इतके उघड दिसले. अर्थात मुलांच्या मंडळावरून राज्याचा अंदाज बांधताना हात आखडता घेतलेला बरा.

तरी एक प्रश्न उरतोच: लोक मागे आले, काम तडीस गेले, पण ते काम कसले होते? जेम्स मॅकग्रेगर बर्न्सने १९७८ साली हिटलरला नेता मानायलाच नकार दिला. केवळ सत्ता गाजवणे म्हणजे नेतृत्व नव्हे, असे त्याचे म्हणणे. आंबेडकरांनी पस्तीस वर्षे आधीच कळकळ आणि बुद्धी यांच्या जोडीला सामाजिक हेतूची अट घातली होती. बर्न्सवर आक्षेप असा, की हेतूचा चांगुलपणा ठरवणार कोण? तो खोडता येत नाही. पण हेतू वगळून केलेले मोजमाप मला अर्धेच वाटते.

अनुयायांचा विचार मात्र या साऱ्यांत कमी पडतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल दिलेला इशारा पुण्याच्या भाषणाला लागूनच वाचावा. कार्लाइल नंतर वाचला तरी चालेल.