थेंब पडतो तिथे दोष नसतो

मुक्तीच्या वेळी, १९६१ साली, गोव्यात मर्सिडीज टॅक्सी धावत होत्या, असं सांगितलं की आजची मुलं हसतात. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली. गोव्याने डावीच ठेवली. त्यामुळे मुक्तीनंतरही इथल्या गाड्यांना बाजू बदलावी लागली नाही.

पेडण्यात आमच्याकडे अशीच एक १८० डी आहे, १७६७ सीसी डिझेल इंजिनाची. खाली रोज तेलाचं थारोळं. "इंजिन उतरवावं लागेल," असा एकाने निकाल दिला. म्हणजे गाडी भंगारात!

डिचोलीच्या म्हाताऱ्या मेस्त्रीने घाई केली नाही. इंजिन रॉकेलने धुतलं, टाल्कम पावडर भुरभुरवली आणि गाडी फिरवून आणायला सांगितली. तेल खाली उतरतं, वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून ओलीची सर्वांत वरची, पुढची जागा शोधायची. ती व्हॉल्व्ह कव्हरखाली सापडली. गास्केट कडक झालेलं, ब्रीदर काजळीने तुंबलेला. आतला दाब तिथून वाट काढत होता. ब्रीदर साफ झाला, नवं गास्केट बसलं, थारोळं थांबलं.

गाड्या जर्मनीच्या, राज्य पोर्तुगिजांचं. पण त्या आजवर चालत्या ठेवल्या आमच्या मेस्त्रींनी. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्यासाठी एक ओळ तरी हवी.