नेर्गर, कार्ल आउगुस्ट

नेर्गर, कार्ल आउगुस्ट : (25 फेब्रुवारी 1875–12 जानेवारी 1947). जर्मन नौदल अधिकारी. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या समुद्रात पाणसुरुंग पेरणाऱ्या ‘वोल्फ’ या छुप्या युद्धनौकेचा कप्तान. जन्म बाल्टिक किनाऱ्यावरील रॉस्टोक येथे. मद्रासवर तोफा डागणारी ‘एमडन’ भारतात घरोघर माहीत झाली. तिच्यापेक्षा कितीतरी अधिक काळ समुद्रावर राहिलेला आणि मुंबईच्या दाराशी येऊन गेलेला नेर्गर मात्र आपल्याकडे जवळजवळ अज्ञातच राहिला. याला कारण त्याची कार्यपद्धती. त्याने इथे एकही गोळा झाडला नाही.

नेर्गर 1893 मध्ये कैसरच्या नौदलात दाखल झाला. चीनमधील बॉक्सर उठावाच्या वेळी, 1900 साली, ताकूच्या किल्ल्यांवरील हल्ल्यात तो ‘इल्टिस’ या गनबोटीवर होता. महायुद्धाला तोंड फुटले तेव्हा ‘स्टेटिन’ या हलक्या क्रूझरची धुरा त्याच्याकडे होती आणि 28 ऑगस्ट 1914 च्या हेलिगोलंडच्या लढाईत ती उतरली. एवढ्यावर निवृत्त झाला असता, तर कोशात त्याची वेगळी नोंद घेण्याचे कारण नव्हते.

‘वोल्फ’ हे मूळचे मालवाहू जहाज. नाव ‘वाख्टफेल्स’, मालक ब्रेमेनची हान्सा कंपनी. या कंपनीच्या ‘फेल्स’ नावाने संपणाऱ्या आगबोटी युद्धापूर्वी हिंदुस्थानच्या बंदरांत नेहमी ये-जा करीत. दुसऱ्या महायुद्धात गोव्याच्या मार्मागोव्यात अडकून पडलेली आणि मार्च 1943 मधील ब्रिटिश छाप्याच्या वेळी बुडालेली ‘एरेनफेल्स’ही त्याच कंपनीची. ‘वाख्टफेल्स’चा वेग जेमतेम 11 नॉट, म्हणजे कोणतीही क्रूझर तिला सहज गाठेल. नौदलाने तिच्यावर पाडता येणाऱ्या कठड्यांमागे तोफा दडवल्या, टॉर्पेडो नळ्या बसवल्या आणि पोटात साडेचारशेहून अधिक पाणसुरुंग भरले. टेहळणीसाठी ‘व्होल्फशेन’, म्हणजे छोटा लांडगा, हे लहान सागरी विमानही दिले. 30 नोव्हेंबर 1916 रोजी ती कीलहून निघाली. नेर्गर शत्रूचे बिनतारी संदेश ऐकत राही. स्वतः मात्र मौन पाळी.

जानेवारी 1917 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला आणि फेब्रुवारीच्या मध्यावर कोलंबोपुढे सुरुंग पेरून ‘वोल्फ’ मुंबईकडे वळली. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर जाणारी फौज आणि रसद याच बंदरातून बसऱ्याला जाई, तेव्हा लक्ष्य अचूक निवडले होते. रात्रीच्या अंधारात मागच्या बाजूने एकेक सुरुंग पाण्यात सोडला जाई. त्याचा नांगर तळाला बसे आणि लोखंडी गोळा दोराने बांधलेला, पृष्ठभागाखाली तरंगत राही. गोळ्यावर शिशाची शिंगे असत आणि प्रत्येक शिंगात द्रवाने भरलेली काचेची नळी. जहाजाचा धक्का लागला की शिंग वाकायचे, नळी फुटायची, द्रव खालच्या विद्युतघटात उतरून वीज निर्माण व्हायची आणि स्फोट व्हायचा. तोपर्यंत पेरणारा हजारो मैल दूर गेलेला असे. कोलंबोपुढे ‘वूस्टरशायर’ आणि ‘पर्सियस’ ही जहाजे त्याच महिन्यात बुडाली. मुंबईच्या पाण्यातले सुरुंग मात्र काही महिने दबा धरून राहिले.

मिरग लागला की कोकणातली गलबते नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढलेली असत. मोठ्या आगबोटींची ये-जा मात्र चालूच राही. जून 1917 मध्ये ‘सिटी ऑफ एक्झेटर’ला सुरुंगाने जायबंदी केले, तर ‘क्रॉक्स्टेथ हॉल’ बुडाली. 23 जून रोजी पी. अँड ओ. कंपनीची उतारू आगबोट ‘मंगोलिया’ मुंबईच्या दक्षिणेला सुमारे 50 मैलांवर सुरुंगाला धडकली आणि काही मिनिटांतच तळाशी गेली. 23 माणसे दगावली. बाकीचे होड्यांतून वाचले. या कंपनीच्या बोटींवर डेकवरची कामे सारंग-तांडेलांच्या हाताखालचे खलाशी करीत. भटारखाना आणि उतारूंची सरबराई गोव्याच्या माणसांकडे असे, तर भट्ट्यांपुढे बहुधा पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले राबत. बोटींवर बसणाऱ्या अशा तडाख्यांत सर्वांत आधी सापडणारी माणसे हीच.

मुंबईपुढे सुरुंग पेरल्यानंतरचा ‘वोल्फ’चा प्रवास हिंदी महासागर, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि पुन्हा हिंदी महासागर असा झाला. पकडलेल्या ‘टुरिटेला’ या जहाजाला नेर्गरने ‘इल्टिस’ हे आपल्या जुन्या गनबोटीचे नाव देऊन एडनपुढे सुरुंग पेरायला धाडले. ब्रिटिशांनी गाठताच तिच्या खलाशांनी ती स्वतःच बुडवली. एकूण 14 जहाजे त्याने धरली. कोळसा आणि अन्न बरेचसे या शिकारींवरच भागे. बुडवलेल्या जहाजांवरची माणसे, त्यांत बायका आणि मुलेही, तो आपल्या जहाजावर घेई. त्यामुळे तळातल्या कोठारात गर्दी वाढत गेली आणि ताज्या अन्नावाचून स्कर्व्ही पसरला. 24 फेब्रुवारी 1918 रोजी, 451 दिवसांनी, कोणत्याही बंदराचा आसरा न घेता ‘वोल्फ’ चारशेहून अधिक कैद्यांसह कीलला परतली. नेर्गरला ‘पूर ल मेरित’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला. ‘वोल्फ’ युद्धानंतर फ्रान्सकडे गेली, ‘अँटिनूस’ या नावाने माल वाहू लागली आणि 1931 मध्ये भंगारात निघाली.

कैद्यांशी माणुसकीने वागणारा दर्यावर्दी अशी नेर्गरची ख्याती पुढे पसरली. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. पकडलेल्या जहाजावरची माणसे त्याने वाचवली हे खरे. सुरुंगाला धडकलेल्यांना वाचवण्याची सोय त्याच्या युद्धपद्धतीत नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो समुद्रावर नव्हता, बर्लिनला सीमेन्स कंपनीत सुरक्षाव्यवस्थेच्या प्रमुखपदी होता. या कंपनीने युद्धकाळात छळछावण्यांतील कैद्यांकडून सक्तीने काम करून घेतले. बर्लिनच्या हासेलहोर्स्टमधील तिची छावणी झाक्सेनहाउझेनची उपछावणी होती. 1945 मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी नेर्गरला पकडून झाक्सेनहाउझेनमध्येच ठेवले. युद्धानंतर त्याच आवारात सोव्हिएतांनी आपली विशेष छावणी उघडली होती. तिथे सुमारे 60,000 माणसे डांबली गेली आणि किमान 12,000 मेली. नेर्गरही तिथेच मरण पावला.

आगबोटींवर राबणाऱ्या खलाशांची खूण मात्र मुंबईतच आहे. मस्जिद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या, समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे.